चिरुटाची कागदी अंगठी

दिवाळीच्या आधी आठ दिवस लक्ष्मी रोडवरून किंवा मंडईतून एक फेरफटका मारावा, आणि दुकानांतल्या वस्तूंकडे न पाहता त्यांच्यावरच्या छापांकडे पाहत चालावे. मोठी मौज वाटते. उटण्याच्या पुडीवर कुणा वैद्यांचा चेहरा, उदबत्तीच्या पुड्यावर देवी, फटाक्यांच्या माळेवर मोर, तेलाच्या बाटलीवर मालकाची वळणदार सही! आपल्या भाषेने या सगळ्या प्रकाराला एकच आटोपशीर शब्द दिला आहे: छाप. छाप म्हणजे ठसा, छाप म्हणजे ओळख, आणि मनावर जो प्रभाव पडतो तीही छापच. अमुक छापाचा माल म्हटला की गिऱ्हाईक निर्धास्त होते.

पण ही छाप नेमकी कुणाची साक्ष देते? माल बनवणाऱ्याची, विकणाऱ्याची, की ज्याने पैसे घालून ती छापून घेतली त्याची? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मला तो पडला एका चिरुटावरच्या कागदी पट्टीमुळे. चिरुटाच्या कमरेला बोटभर रुंदीची, सोनेरी वेलबुट्टीची एक पट्टी असते. दिसायला अगदी अंगठीसारखी. तेवढ्या पट्टीवरून अनोळखी चिरूट ओळखता येतो का, त्याचे गाव, घराणे, वय सांगता येते का, याचा शोध म्हणजे एक छोटासा इतिहासच आहे. सणाच्या दिवसांत हा कसला धुराचा विषय काढला, असे कुणी म्हणेल. वाचकांनी काळजी करू नये. मी स्वतः तंबाखूला शिवत नाही, आणि या लेखात एकही चिरूट पेटणार नाही.

आधी तंबाखूचीच हकीकत पाहू. हे झाड अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांबरोबर ते आपल्या किनाऱ्याला लागले आणि दख्खनच्या मातीत चांगलेच रुजले. अकबराचा एक सरदार असद बेग विजापूरच्या दरबारी वकिलीला गेला होता. तिथून परतताना, १६०४ च्या सुमारास, त्याने इतर नजराण्यांबरोबर तंबाखू आणि एक रत्नजडित हुक्का बादशहापुढे ठेवला. बादशहाने दोनचार झुरके घेतले, दरबारच्या हकिमांनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखूवर बंदीचे फर्मान काढले. बंदीचे काय झाले ते सांगायला नकोच! म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या तख्ताला तंबाखूची ओळख करून दिली ती दख्खनने. हा मान मिरवण्याजोगा आहे की नाही, ते वाचकांनी ठरवावे.

चिरूट हा शब्दही दक्षिणेचाच. मूळ तमिळ शब्द 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळलेले, वळलेले. तिकडच्या त्रिचनापल्लीचे चिरूट इंग्रजांच्या फार आवडीचे. दोन्ही टोके उघडी, रंग काळपट, वास उग्र. मद्रासच्या स्पेन्सर कंपनीने दिंडिगलला चिरुटांचा कारखानाच घातला होता. १८१७ नंतर पुण्याला इंग्रजांची छावणी पडली, आणि साहेबाच्या सामानसुमानाबरोबर त्याचा चिरूटही आपल्या कॅम्पात येऊन दाखल झाला. त्रिचनापल्लीच्या चिरुटाची कीर्ती किती दूर पोचली होती याचा दाखला हवा असेल तर शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी पाहावी. १८८७ साली आलेल्या या गोष्टीत खुनाच्या जागी पडलेल्या राखेवरून हा गुप्तहेर सांगतो की खुनी त्रिचनापल्लीचा चिरूट ओढत होता. पुढच्या एका कथेत तर एकशे चाळीस प्रकारच्या तंबाखूंच्या राखेवर आपण निबंध लिहिला असल्याचे तो ऐकवतो. होम्सने पट्टीवर विश्वास ठेवला नाही, राखेवर ठेवला, हे ध्यानात असू द्यावे. पुढे उपयोगी पडेल.

मग पट्टी आली कुठून? तिच्याविषयी दंतकथा पुष्कळ आहेत. रशियाच्या कॅथरिन राणीची बोटे डागाळू नयेत म्हणून तिच्या चिरुटांना रेशीम गुंडाळीत, ही एक. साहेबलोकांचे पांढरे हातमोजे मळू नयेत म्हणून कागद गुंडाळला, ही दुसरी. जरा रुक्ष पण अधिक पटणारे कारण व्यापाराचे आहे. क्यूबा बेटावरच्या हबाना शहराचे चिरूट एकोणिसाव्या शतकात जगात पहिल्या नंबरचे ठरले, आणि जे पहिल्या नंबरचे ठरते त्याची नक्कल होतेच. युरोपात भलताच चिरूट हबानाचा म्हणून खपू लागला. तेव्हा गुस्ताव्ह बॉक नावाच्या कारखानदाराने आपल्या प्रत्येक चिरुटाला नावाची कागदी अंगठी घातली, असे सांगतात. इतरांनीही तेच केले. सरकारलाही त्यात लक्ष घालावे लागले. १८८९ साली चिरुटांच्या पेट्यांवर सरकारी हमीचा कागद चिकटवण्याची पद्धत आली, आणि १९१२ साली स्वतंत्र क्यूबाने त्यासाठी कायदा केला. पट्टीचा जन्म झाला तो शोभेसाठी नव्हे, संशयातून झाला.

शोभा मागाहून आली. दगडी छापाच्या रंगीत छपाईचे ते दिवस होते. एवढ्याशा कागदावर राजांचे मुखवटे, पदके, मुकुट, सोन्याचा वर्ख, उठावाची अक्षरे! लोक चिरूट ओढून झाल्यावर पट्ट्या जमवू लागले, मुले त्या बोटांत घालून मिरवू लागली, आणि हौशी बायकांनी त्या चिकटवून तबके सजवली.

या पट्ट्यांवरच्या नावांची एक हकीकत मला लेखिका म्हणून फार भावते. हबानाच्या कारखान्यांत शेकडो माणसे बाकांवर बसून दिवसभर पाने वळीत. हात गुंतलेले, कान मोकळे. १८६५ साली 'एल फिगारो' नावाच्या कारखान्यात एक वाचक नेमला गेला. त्याने उंच आसनावर बसावे आणि कामगारांना मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवावे, पुस्तके वाचावीत. त्याचे वेतन मालक देत नसे. कामगार आपापल्या मजुरीतून वर्गणी काढीत. ऐकून ऐकून ही माणसे शहाणी होतात, हे स्पॅनिश सरकारच्या लगेच लक्षात आले आणि दुसऱ्याच वर्षी त्याने वाचनावर बंदी घातली. पण चाल मेली नाही. ती पुन्हा सुरू झाली आणि टिकली. १९३५ साली निघालेल्या एका चिरुटाचे नाव 'मॉन्टेक्रिस्टो'. अलेक्झांडर द्युमाची कादंबरी कामगारांना फार प्रिय होती, तिच्यावरून हे नाव पडले असे सांगतात. त्याआधी १८७५ चा 'रोमिओ इ हुलिएता' होताच. आपल्याकडे कीर्तनाला बसलेली बाई वाती वळता वळता कथा ऐकते, तसेच हे. फरक इतकाच की तिकडे कथेचे नाव वळलेल्या वस्तूला लागले.

आता पट्टी वाचण्याच्या विद्येकडे वळू. पट्टीवर साधारणतः घराण्याचे नाव असते. चिरुटाचा आकार, तो कोणत्या साली वळला, कुणी वळला, यांतले काही बहुधा नसते. मग तज्ज्ञ काय करतात? अक्षरांचे वळण पाहतात, सोनेरी वर्खाची छटा पाहतात, कोणता शब्द आहे आणि कोणता नाही ते पाहतात. यांतला शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याच्यामागे एक राज्यक्रांती आहे. १९५९ साली क्यूबात फिडेल कॅस्ट्रोची सत्ता आली. सप्टेंबर १९६० मध्ये सरकारने चिरुटांचे कारखाने ताब्यात घेतले. कित्येक मालक देश सोडून गेले. कारखाना बरोबर नेता येत नाही, शेत नेता येत नाही, पण नाव नेता येते! त्यांनी किंवा त्यांच्याकडून हक्क घेणाऱ्या कंपन्यांनी डोमिनिकन प्रजासत्ताकासारख्या देशांत त्याच नावांचे चिरूट सुरू केले. हबानातही सरकारी कारखाने तीच नावे चालवीत राहिले. एका नावाची दोन घरे झाली. दोन्ही पट्ट्या जुळ्या बहिणींसारख्या.

त्यात १९६२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने क्यूबाचा माल आपल्या देशात बंद केला. बंदीच्या हुकुमावर सही करण्याआधी अध्यक्ष केनेडींनी आपल्या वृत्तसचिवाकडून स्वतःसाठी बाराशे क्यूबन चिरूट मागवून घेतले, ही गोष्ट त्या वृत्तसचिवानेच, पिअर सॅलिंजर यांनी, पुढे सांगितली आहे. ते असो. बंदीचा परिणाम असा झाला की अमेरिकेच्या दुकानांत त्या नावांची एकच बहीण दिसू लागली, क्यूबाबाहेरची. ओळखायचे कसे? पार्टागास नावाच्या चिरुटाचे उदाहरण घेऊ. हे घराणे हबानात १८४५ साली निघाले. त्याची तांबडी-सोनेरी पट्टी प्रसिद्ध आहे. क्यूबाच्या पट्टीवर खाली 'हबाना' हा शब्द असतो. बाहेरच्या पट्टीवर तो असू शकत नाही. त्या जागी '१८४५' हा आकडा घातलेला आढळतो.

ही माहिती मी कॅम्पातल्या एका बंगल्यावर कादंबरी लिहिताना गोळा केली होती. ती अशी कामाला येईल हे स्वप्नातही नव्हते. आमच्या शाळेत जुन्या वस्तूंचे प्रदर्शन ठरले. मी मुलांना इतिहास शिकवते, म्हणून जबाबदारी माझ्याकडे. कुणी अडकित्ता आणणार होते, कुणी पायली. भवानी पेठेतला एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्याकडे अठराशे पंचेचाळीस सालची सिगार आहे. पणजोबांना साहेबाने दिलेली!" तंबाखूची वस्तू शाळेत मांडणे शक्य नव्हते, पण पाहायला काय हरकत, म्हणून मी त्याच्या घरी गेले.

पणजोबा कॅम्पात एका लष्करी साहेबाकडे बटलर होते. १९४७ साली साहेब विलायतेला जायला निघाला तेव्हा त्याने आपल्या पेटीतला शेवटचा चिरूट त्यांच्या हातावर ठेवला आणि हस्तांदोलन केले. हिंदी नोकराशी हस्तांदोलन! चिरुटापेक्षा त्या हस्तांदोलनाची किंमत घराला मोठी होती. लाकडी डबीत ठेवलेला तो चिरूट दर लक्ष्मीपूजनाला दागिन्यांशेजारी मांडला जाई. मुलाच्या वडिलांनी डबी माझ्यापुढे उघडली. आत तांबड्या-सोनेरी पट्टीचा पार्टागास होता. आणि खाली, जिथे 'हबाना' असायला हवे तिथे, '१८४५' हा आकडा.

आपल्या पुण्यात दुकानांच्या पाट्यांवर स्थापनेचे साल लिहितात. म्हणून काही आजची बाकरवडी त्या सालची ठरत नाही! तसाच हा आकडा. तो घराण्याच्या स्थापनेचा. चिरूट १८४५ चा नव्हता हे तर उघडच होते. पण माझा घोटाळा निराळा होता. ही पट्टी १९६० नंतरची, हबानाबाहेरची. मग १९४७ साली साहेबाने ती दिली कशी?

जुने कागद तपासणाऱ्यांना असा प्रसंग नवा नाही. वतनाच्या भांडणांत बनावट कागद पुष्कळ झाले. एखाद्या कागदावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा शक घातलेला असेल आणि कागद स्वतःला १६७० चा म्हणवत असेल, तर तो बोलता बोलता पकडला जातो, कारण राज्याभिषेक झाला १६७४ साली. पण पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची परंपरा ज्यांनी घातली त्या राजवाड्यांपासून सगळ्या थोर संशोधकांनी आणखी एक गोष्ट शिकवली आहे. एकट्या शिक्क्यावर निकाल देऊ नये. कागद पाहावा, मोडीचे वळण पाहावे, मायना पाहावा, आणि तो कुणाच्या दप्तरात, कोणत्या वाटेने आला ते विचारावे. कागद खोटा ठरला म्हणजे त्यातली हकीकत खोटीच, असे नसते. अस्सल कागद गेल्यावर केलेली ती नक्कल असू शकते.

मुलाच्या वडिलांसमोर मी काही बोलले नाही. चहा झाला. ते मुलाला घेऊन कामासाठी बाहेर गेले तेव्हा मुलाची आजी माझ्यापाशी येऊन बसली. सत्तरीच्या पुढची बाई. पट्टी पाहताना माझा चेहरा तिने वाचला असावा.

"बाई, तुम्हाला कळलं ना?" ती म्हणाली.

"काय, आजी?"

"ही साहेबाची नाही."

मग तिने सांगितले. सासरे थकले होते, डोळ्यांनी दिसत नव्हते. दिवाळीच्या आवराआवरीत तिने डबी उघडली तर आत भुगा. बारीक तपकिरी किड्यांनी चिरूट आतून खाऊन टाकला होता. पट्टी तेवढी शाबूत. म्हाताऱ्याला सांगायचे कसे? धाकटा दीर जहाजावर खलाशी होता आणि नेमका रजेवर आलेला. "वहिनी, नमुना पक्का डोक्यात ठेवतो, तशीच आणतो," एवढे तो बोलला. जाताना पट्टी तिने कागदावर ठेवून त्याच्याकडून तिचे चित्र काढून घेतले. त्या वर्षी पूजेत रिकामी डबीच बंद करून ठेवली. पुढच्या रजेत दिराने अमेरिकेच्या एका बंदरातून चिरूट आणला. सासऱ्यांनी तो चाचपला, हुंगला, आणि म्हणाले, "अजून वास कसा ताजा आहे बघ." त्यानंतर दोन दिवाळ्या ते जगले. दीर पुढे परदेशीच वारला. ही गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

"आणि जुनी पट्टी?" मी विचारले.

ती उठली. देवघरातल्या शिवलीलामृताच्या पोथीतून तिने खुणेला ठेवलेला एक कागद काढला. त्याच्या घडीत ती पट्टी होती. रंग उडालेला, वर्ख काळवंडलेला, एक कड किड्यांनी कुरतडलेली. पण तळाशी सहा अक्षरे स्पष्ट होती: हबाना.

पट्टी पाहून मला जे खात्रीने सांगता आले ते इतकेच की त्या डबीत आधी हबानाचा चिरूट होता. साहेब, १९४७ साल, हस्तांदोलन हे पट्टी सांगत नाही. ते घर सांगते. पण दुसरी पट्टी खोटे बोलत होती, असेही मला म्हणवेना. अमेरिकेत हबानाचा माल बंद होता, म्हणून त्या खलाशाला नाइलाजाने दुसरी बहीण मिळाली. दोन महासत्तांच्या भांडणाचा एक छोटा पुरावा भवानी पेठेतल्या देवघरात येऊन पडला होता!

"बाई, आता पोरांना सांगू का?" आजींनी विचारले. "का राहू द्यावं? त्यांना वाईट वाटेल."

मी म्हटले, "आजी, तुम्ही सांगितलंत तर गोष्ट लहान होणार नाही. साहेबाने एक चिरूट दिला, आणि घरातल्या दोघांनी तो म्हाताऱ्यासाठी राखला. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा उणी आहे का?"

त्यांनी सांगितले. मुलाचे वडील बराच वेळ गप्प होते, असे मुलाने मला नंतर कळवले. प्रदर्शनात चिरूट आला नाही, दोन पट्ट्या आल्या. काचेखाली शेजारी शेजारी. मुलाने आपल्या हाताने चिठ्ठी लिहिली होती: ही पणजोबांच्या साहेबाची, ही चुलत आजोबांची. त्या प्रदर्शनात सर्वांत जास्त वेळ मुले उभी राहिली ती त्या काचेपाशी. प्रत्येक जण फरक शोधत होता.

हबानाचे सोडून आता आपल्या घरचे पाहू, कारण पट्टीचा धडा पुण्याला दुसऱ्या बाजूनेही मिळाला आहे. चिरूट साहेबाचा, तशी विडी आपली. विड्यांच्या बंडलावर छापील कागद असतो, आणि पुष्कळ कारखान्यांच्या विडीच्या दोऱ्याचा रंगही ठरलेला असतो. जुने लोक तेवढ्या दोऱ्यावरून विडी ओळखीत. पुण्याच्या साबळे वाघिरे आणि कंपनीची 'संभाजी विडी' अनेक दशके महाराष्ट्रभर चालली. छत्रपती संभाजी महाराजांचे नाव तंबाखूच्या मालावर असू नये, या मागणीसाठी आंदोलने झाली. २०२० साली कंपनीने नाव बदलण्याचे जाहीर केले आणि २०२१ मध्ये विडी 'साबळे' नावाने येऊ लागली. हबानाच्या बाबतीत नाव तेच राहिले आणि माल दुसरा झाला. इथे नाव बदलले आणि विडी विडीच राहिली. दोन्हीकडे छापेसाठी माणसे जिवाच्या कराराने भांडली. छाप म्हणजे नुसता कागद नव्हे, हे यातून कळते, आणि छाप म्हणजे माल नव्हे, हेही कळते.

पण या दोन्ही भांडणांत एका गोष्टीचे नाव कुठेच आले नाही. वळणाऱ्या हातांचे. सुरुट्टु म्हणजे वळलेले. विडी हा शब्द विड्यावरून आला, आणि विडा म्हणजे पानाचे वळण. भाषेने दोन्ही वस्तूंची नावे हातांच्या कामावरून ठेवली. छापेने मात्र मालकाचे नाव लावले. विडीचे पान गोंदिया-गडचिरोलीच्या रानांतल्या टेंभुर्णीचे. ते भिजवायचे, मापाने कातरायचे, चिमूटभर तंबाखू भरून वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, अहिल्यानगर या गावांतल्या किती घरांच्या उंबऱ्यावर सुपे मांडून बायका हेच काम करीत आल्या आहेत! १९६६ साली संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा केला. त्यात घरी बसून विड्या वळणारी बाईही कामगार ठरली. साहेबाचा चिरूट आणि गरिबाची विडी यांची नावे एका ओळीत आली ती बहुधा त्या कायद्याच्या मथळ्यावरच.

सीमाभागातल्या निपाणीत तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायकांनी संघटना बांधली. त्यांच्यावर 'युगांतर' या गटाने १९८२ साली चित्रपट केला. त्याच निपाणीत १९८१ च्या वसंतात तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हमरस्त्यावर बसले होते, आणि एप्रिलमध्ये झालेल्या गोळीबारात त्यांच्यातले काही प्राणांना मुकले. सोलापूरजवळच्या कुंभारी येथे विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. तिला नाव दिले आहे गोदूताई परुळेकरांचे. विडीच्या कागदावर ज्यांचे नाव कधी छापले गेले नाही, त्यांच्या दारांवर निदान त्यांची स्वतःची पाटी लागली.

एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटांवर आणखी एक छाप आली आहे. दर्शनी भागाचा ८५ टक्के हिस्सा रोगाच्या चित्राने आणि इशाऱ्याने व्यापावा, असा नियम झाला. मालकाचे नाव उरलेल्या जागेत अंग चोरून बसते. आतल्या मालाविषयीची खरी माहिती पाकिटावर यायला चारशे वर्षे लागली! असद बेगाच्या हुक्क्याकडे पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्या हकिमांचे म्हणणे अखेर कागदावर आले म्हणायचे.

आता यंदाच्या दिवाळीत उटण्याची पुडी फोडताना, पणत्यांचा पुडा सोडताना, वरचा कागद टाकून देण्याआधी क्षणभर पाहावा. त्यावर काय छापले आहे ते वाचावे. काय छापलेले नाही तेही वाचावे. पणतीच्या पाठीवर कुंभाराच्या बोटाचा ठसा पुष्कळदा राहून गेलेला असतो. तीही एक छापच. ती कुणी पैसे देऊन छापून घेतलेली नसते, आणि तिची नक्कल अजून कुणाला साधलेली नाही.